अष्टमीचं पाणी

नारिंगवेळात लग्नाचा मुहूर्त कोण काढतं असं विचारलं, तर लोक भटजींचं नाव सांगतात. भटजींना विचारलं, तर ते समुद्राकडे बोट दाखवतात.

त्यात खोटं काही नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, पाण्याला ओढ असते. खांबांना बांधलेली डोल, म्हणजे जाळ्याची ती लांबलचक पिशवी, त्या ओढीच्या तोंडाशी लावून ठेवली की मासळी आपल्या पायांनी आत येते. तेव्हा बारशालासुद्धा कुणाला सवड नसते. अष्टमी आली की मात्र भांग लागतो. भरती चोरपावलांनी येते आणि ओहोटी तशीच निघून जाते. पाण्याला ओढ नाही म्हणजे डोलीला काम नाही. मग होड्या बांधून ठेवायच्या, जाळी शिवायची, जुनी भांडणं मिटवायची, वेळ उरला तर नवी काढायची, आणि लग्नं लावायची. नारिंगवेळात माणूस कधीही जन्मतो, कधीही मरतो. पण लग्न करतो भांगातच.

मग खाडीच्या तोंडाशी विजेचं केंद्र आलं. समुद्राच्या तळावर दोन डझन पंखे रोवले गेले, एकेक पंखा घराएवढा. भरतीचं पाणी आत येताना त्यांना फिरवायचं, ओहोटीचं बाहेर जाताना. उधाणात इतकी वीज व्हायची की गाव आपल्या बॅटऱ्या भरून वर तालुक्याला द्यायचं. बॅटऱ्या म्हणजे शाळेमागच्या शेडमधली पांढरी कपाटं. त्यांत मिठातलं सोडियम वापरतात असं कळल्यावर गावाने त्या शेडला ‘आगर’ म्हणायला सुरुवात केली. भांगात पंखे फिरत नसत. तेवढे दिवस गाव आगरावर चालायचं.

केंद्रात कामाला सगळी गावचीच माणसं. त्यामुळे झालं काय, की यंत्रंही कोळ्यांच्या वळणावर गेली. भांग लागला की पंख्यांची नाकं वर करून ते तिरके करायचे, त्यांच्यावर बसलेली शिंपल्यांची पुटं खरवडायची, पाण्याची तळापासून वरपर्यंत तपासणी करणारा दांडा तळावरून वर काढून धुवायचा आणि लग्नाला जायचं. हे कुणी ठरवलं नव्हतं. ठरवावं लागतं असंही कुणाला वाटलं नव्हतं.

सुगंधा चोगले या केंद्राची दिवसपाळी सांभाळायची. दहावीनंतर जे शिकली ते सगळं हाताने आणि कानाने. पंखा नुसता कण्हला तरी तिला कळायचं कुठे दुखतंय. “माझ्याशी कधी एवढ्या प्रेमाने बोलली नाय,” असं तिचा नवरा दामू म्हणायचा. “पंखे उलट बोलत नाहीत,” असं ती म्हणायची.

दामूची थोरली बहीण केशर. सुगंधाच्या केशरवन्सं. केंद्र आलं तेव्हा वन्संच्या घरची डोलीची जागा पंख्यांच्या रांगेत गेली. वन्सं मोर्च्याच्या पुढे होत्या, आणि सुगंधा त्याच आठवड्यात केंद्राच्या प्रशिक्षणाला गेली. “आमचा समुद्र बुडवणाऱ्यांच्या घरी पाणी भरायला चाललीस,” एवढं बोलून वन्संनी भावाच्या घराचा उंबरा सोडला. बाई मोडणाऱ्यांतली नव्हती. गावच्या बायकांना जमवून तिने खाडीच्या आतल्या अंगाला जिताडा माशाचे पिंजरे टाकले. त्या भागात जिताड्याची प्रतिष्ठा अशी, की जावयाला तो वाढला नाही तर जावई मुकाट्याने जेवतो आणि जन्मभर बोलतो. हल्ली ऑक्टोबरचा उकाडा नोव्हेंबर सरेपर्यंत हलत नाही, म्हणून वन्संनी पिंजरे वरच्या तापलेल्या पाण्यातून काढून तळाजवळच्या गारव्यात उतरवले. कल्पना त्यांचीच, आणि गावाने वाखाणलेली.

गेल्या वर्षी त्यांतले दोन पिंजरे मेले. रोग नाही, जखम नाही. वन्सं तरातरा केंद्रात आल्या. “तुमच्या पंख्यांनी पाणी मारलं.” केंद्राने त्यांना पडद्यावरची रेघ दाखवली. तळाच्या पाण्यात प्राणवायू उत्तम, वर्षभर रेघ सरळ. वन्संनी रेघेकडे पाहिलं, मग सुगंधाकडे.

“तुमची रेघ सरळ हाय, माझा मासा आडवा हाय. आता खरा कोण ते सांग.”



आणि यंदा, दिवाळी सरल्यावर, केशरवन्सं तिच्या दारात उभ्या राहिल्या. उंबऱ्याच्या बाहेरच.

“माझ्या प्रणितचं लग्न ठरलंय. अष्टमीला हळद. नवऱ्याच्या पाण्याला मामी लागते. दुसरी मामी नाय त्याला, काय करणार?”

नारिंगवेळची रीत आहे ती. हळद लागलेल्या नवऱ्याच्या आंघोळीचं पाणी मामीने ढवळायचं. घंगाळात आधी विहिरीचं गार पाणी, वरून चुलीवरचं कढत. मामी बांगड्या भरलेला हात घालून ते सारखं करते आणि पहिला तांब्या ओतते. नवरा ‘हाय हाय’ करून ओरडला, तर मामीला नातवंडं होईपर्यंत चिडवतात.

“येते,” सुगंधा म्हणाली. एवढ्या वर्षांचा राग त्या एका शब्दाने धुतला गेला असं नाही. पण वन्सं उंबऱ्याच्या आत आल्या, आणि चहात साखर कमी आहे असंही म्हणाल्या. म्हणजे घरचंच झालं सगळं.

पुढचे दिवस उडाले. बस्ता, बांगड्या, मामाचा फेटा. या धांदलीत सुगंधा एक गोष्ट विसरली. भांग लागायच्या आदल्या दिवशी तळावरचा दांडा वर काढून धुवायचं काम तिचं होतं. त्या दिवशी ती वन्संबरोबर साडीच्या दुकानात काठ मोरपंखी घ्यावा की डाळिंबी यावर भांडत होती. केंद्र चालू झाल्यापासून पहिल्यांदाच तो दांडा अष्टमीला पाण्यात राहिला.

*

अष्टमीला उन्हं डोक्यावर यायच्या सुमारास सुगंधा नवं लुगडं नेसूनच केंद्रात आली. तासाभरात सगळं आपोआपवर टाकून हळदीला जायचं होतं. पंखे आधीच नाकं वर करून तिरके झाले होते, खरवडायला. तिने पडद्यावर एक नजर टाकली आणि जीभ चावली. दांडा राहिला की पाण्यात! आणि बिघडलासुद्धा, कारण तळाची प्राणवायूची रेघ अशी उतरत होती जशी घसरगुंडीवरून पोर.

“फरीदा, अगं ये जरा इकडे. मी दांडा बुडवला बहुतेक.”

फरीदा मुकादम वरच्या माडीवरून खाली आली. ती समुद्रशास्त्राची, पलीकडच्याच गावातली. पाण्याचे थर आणि भोवरे यांत डॉक्टरी केलेली. डबा विसरायची, चष्मा विसरायची, आकडा मात्र कधी नाही. तिने पडदा पाहिला. मग खुर्ची ओढली. मग खुर्चीवर न बसता उभीच राहिली.

“ताई, दांडा बिघडलेला नाही.”

“मग?”

“समुद्र बिघडलाय.” तिचे डोळे मोठे झाले होते. “हे बघा. वरचं पाणी एकतीस अंश. तळाचं चोवीस. मधे पाऊणएक मीटरचा पट्टा, तिथे तापमान एकदम पडतंय. दोन थर झालेत, ताई! आपल्या या उथळ खाडीत! मी पाच वर्षं छातीठोकपणे लिहितेय की इथलं पाणी वरपासून खालपर्यंत एकजीव असतं.”

“असतंच की. रोज दिसतं.”

“रोज कुठे?” फरीदा म्हणाली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. “भांगात आपण दांडा कुठे ठेवतो?”

“धुवायला,” सुगंधा म्हणाली. “बाई गं.”

सुगंधाला आधी हसू आलं, मग स्वतःचाच राग. समुद्र जेव्हा धावत होता तेव्हा नाडीवर हात ठेवून बसायचं, आणि तो निजला की हात काढून लग्नाला जायचं! होड्या बंद, डोली बंद, पंखे बंद, दांडाही बंद. भांगात पाणी काय करतं ते गावात कुणालाच माहीत नव्हतं, कारण तेव्हा सगळे जेवणावळीत असत. आणि केंद्राच्या हिशेबात मधे पडलेली भोकं यंत्राने आपणहून सरळ रेघेने जोडून टाकली होती.

“मला वाटायचं ती खरीच मोजलेली रेघ आहे,” फरीदा पुटपुटली. “मी विचारलंही नाही. आणि मला म्हणे डॉक्टर म्हणतात.”

“माझ्या हाताने काढत होते मी तो दांडा. रडू नंतर. आता मला साध्या भाषेत सांग.”

फरीदा बोलायला लागली की तिचे हात समुद्र होतात. ऊन वरून तापवतं, ती म्हणाली. गरम पाणी हलकं, ते वर तरंगतं. गार पाणी जड, ते खाली पडून राहतं. दोघांना मिसळायला कुणीतरी लागतं. खोल समुद्रात वारा तेवढं काम वरवर करतो. उथळ समुद्रात ते काम भरती-ओहोटीचं. ओढ तळावरून घासत जाते, त्या घासण्यातून भोवरे उठतात आणि खालचं वर, वरचं खाली करतात. वरचं पाणी हवेतून प्राणवायू घेतं, भोवरे तो तळापर्यंत पोचवतात. समुद्राचा तळ असा उसना श्वास घेतो.

“म्हणजे न्हाणीतली बादली,” सुगंधा म्हणाली. “वर कढत, खाली गार. हात फिरवला नाही तर तशीच.”

“तशीच! आणि हात फिरवण्याचं गणित फार विचित्र आहे. ओढ निम्मी झाली तर ढवळणं निम्मं होत नाही. आठपट कमी होतं. वेगाचा घन असतो तो. त्यामुळे उधाण आणि भांग यांतला फरक डोळ्यांना दिसतो त्याहून कितीतरी मोठा असतो.” तिचे हात खाली आले. मग हळू म्हणाली, “आणि आपले पंखे, भांगात थांबलेले असले तरी, वाटेत उभे राहून ओढीतला दहावा हिस्सा वेग घेतात. आम्ही म्हणायचो, दहावा हिस्सा काय, समुद्राला कळणारही नाही. पण ढवळण्यातला पाव हिस्सा गेला त्यात. पावाहूनही थोडा जास्तच. पूर्वी भांगात हे पाणी जेमतेम एकजीव राहत असेल, काठावर. तो काठ आपण कापला.”

“म्हणजे वन्सं खऱ्या होत्या.”

“बऱ्याचशा. उकाडा वाढला तो वेगळाच, आणि पिंजरे तळाशी नेले नसते तर...” फरीदाचं बोट रेघेवर थिजलं. “ताई, पिंजरे! पावसाळ्यानंतर बाहेरच्या समुद्रातलं, हवा संपलेलं गार पाणी तळाने सरपटत किनाऱ्याकडे येतं. उधाण त्याला घुसळून टाकतं. आता कोण घुसळणार? ते खाली पाय पसरून बसलंय. या उतरणीने संध्याकाळपर्यंत तळाशी जिताड्याला पुरेल एवढी हवा उरणार नाही.”

“पिंजरे वर ओढू.”

“झटक्यात ओढले तर पोटातली हवेची पिशवी फुगून मरतील. दोन दिवस लागतात वर आणायला.”

लांबून, गावाकडून, ढोलाचा आवाज यायला लागला होता. वन्संच्या मांडवात बायका हळद दळायला बसल्या असतील. पिंजरे फक्त वन्संचे नव्हते. गावातल्या निम्म्या चुली त्यांवर होत्या. पण गेल्या वर्षी दोन पिंजरे मेले तेव्हा पहिला बोल वन्संना लागला होता, तळाशी कुणी न्यायला सांगितले म्हणून. आता सगळेच गेले तर कोण कुणाला काय म्हणेल याचा विचार सुगंधाला करवेना.

ती खिडकीशी गेली. पाणी तळ्यासारखं सपाट पडलं होतं आणि त्यातून पंख्यांची नाकं वर आली होती, शाळेतल्या पोरांनी हात वर करावेत तशी.

“फरीदा,” ती म्हणाली, “पाणी पंखा फिरवतं तेव्हा वीज होते. वीज देऊन पंखा उलटा फिरवला तर?”

“तर पाणी ढकलेल. पण आडवंच ढकलेल, तळाचं तळाशी...” फरीदा खिडकीशी आली. तिने ते तिरके पंखे पाहिले आणि दोन्ही हात गालांवर मारले. “अल्ला! ते तिरके आहेत!”

“खरवडायला केलेत.”

“तळाचं पाणी उचलून वर फेकतील! ताई, आज भांग आहे म्हणूनच ते तिरके आहेत!” ती खरोखर नाचली, चप्पल निसटेपर्यंत. “आणि भरती आता लागतेय. भांगाची भरती मंद असते, पण आत तर येते ना? आपण इथे तोंडाशी ढवळायचं, ती ढवळलेलं पाणी उचलून पिंजऱ्यांपर्यंत नेईल. आपोआप! दिवेलागणीपर्यंत भरती आहे. तेवढा वेळ पंखे चालले पाहिजेत.”

“आणि वीज?”

तिथे फरीदाचा नाच थांबला. पंखे आज वीज करणार नव्हते, खाणार होते. आगरात होती ती गावाची भांगापुरती बेगमी. दवाखाना आणि बर्फखाना राखून ठेवायचा, तर घरांची वीज तोडावी लागणार. सगळ्या घरांची. म्हणजे मांडवाचीही.

*

तिने दामूला फोन लावला.

“हॅलो! अहो, वन्संना द्या फोन.”

“काय? गुलाबजाम?”

“वन्संना! वन्संना!”

“आवाज नाय येत! तू निघालीस का? ताई सारखी इचारते, पाणी तापत ठेवलंय म्हणते!” मागे बँजो असा कोसळत होता की शब्द त्यात बुडबुडे होऊन फुटत होते. “लवकर ये गो, मामीशिवाय...” आणि फोन बंद.

चालत गाव अर्ध्या तासावर. जाऊन, समजावून, परत येईपर्यंत भरतीचा पहिला जोर निघून गेला असता. मुख्य कार्यालयाला फरीदाने विचारलं. तिथल्या माणसाने सगळं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं की प्रस्ताव पाठवा, सोमवारी बघू.

पाळीवरच्या माणसाला अडचणीच्या वेळी घरांची वीज तोडायचा अधिकार असतो. त्याचा जाब नंतर द्यावा लागतो, आणि मुख्य कार्यालयाच्या जाबाची सुगंधाला फारशी काळजी नव्हती. तिला वन्संचा उंबरा दिसत होता. पाच वर्षांनी तिथे तिच्यासाठी रांगोळी काढली होती.

“मी सांगू का त्यांना?” फरीदाने विचारलं. “माझ्यावर घ्या सगळं. म्हणा, डॉक्टरीणबाईंनी केलं.”

“तुझी नणंद आहे का ती? माझी आहे,” सुगंधा म्हणाली, पदर खोचला आणि कळ खाली ओढली.

बँजो मधेच मेला. दूरवर क्षणभर इतकी शांतता झाली की माडांवरचे कावळे ऐकू आले. त्यापाठोपाठ पायांखालची जमीन थरथरली. पंखे एकामागून एक कण्हले, कुरकुरले आणि उलटे फिरायला लागले. खाडीच्या तोंडाशी सपाट पाण्यावर आधी एक फुगवटा उठला, मग दुसरा, आणि बघता बघता सगळं तोंड उकळत्या आधणासारखं हललं. तळाचं हिरवट गार पाणी वर येऊन पसरत होतं.

“वास!” फरीदा ओरडली. “तळाच्या चिखलाचा वास! ताई, आलं वर!”

सुगंधाला हसावं की घाबरावं कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं.

*

हळदीची वरात केंद्राकडे आली ती अशी: पुढे केशरवन्सं, कपाळापासून कोपरापर्यंत पिवळ्या; मागे फेटा वाकडा झालेला दामू; त्यामागे बनियनवर हळद माखलेला नवरामुलगा प्रणित, आणि मग गळ्यात बँजो अडकवलेल्या माणसासकट सगळं गाव.

“सुगंधे!” वन्संचा आवाज धक्क्यावरून आत आला. “माझ्या पोराच्या हळदीची वीज तोडलीस? तू? पाच वर्षांचं उट्टं आजच काढायचं होतं?”

“वन्सं, ऐका तरी.”

“काय ऐकू? आरतीत रेकॉर्ड अडकावी तसा बँजो अडकला गो माझा! पावणे हसतात!”

“ताई, तिचं म्हणणं...” दामू मधे पडला.

“तू फेटा सरळ कर आधी.”

सुगंधा पुढे आली. तिने वन्संचा पिवळा हात धरला आणि ओढत पडद्यासमोर नेलं. “ही रेघ बघा.”

“रेघा दाखवू नको मला. मागे एकदा दाखवलीस.”

“ती खोटी होती. ही खरी आहे.” सुगंधाने रेघेवर बोट ठेवलं. “मासा तुमचा आडवा होता ना? तोच खरा होता, वन्सं. भांगात आम्ही मोजतच नव्हतो. तळाची हवा संपत चाललीय. तुमचे पिंजरे संध्याकाळ बघणार नाहीत, म्हणून पंखे उलटे फिरवून पाणी ढवळतेय. त्याला वीज लागते. शिव्या उद्या द्या, मी घरी येऊन खाईन.”

 वन्संनी पडद्याकडे पाहिलं नाही. त्या खिडकीशी गेल्या आणि पाण्याकडे पाहत राहिल्या. त्यांच्या हातावरची हळद वाळून तडकत होती.

“पंख्यांनीच झालं का हे?”

“पंख्यांनी काही, उन्हाने काही,” फरीदा म्हणाली. “आणि पिंजरे खाली नेल्याने काही. थोडं थोडं सगळ्यांचं आहे, मावशी. माझं जास्त.”

“बरं झालं, कुणीतरी वाटून घेतलं,” वन्सं म्हणाल्या. मग वळल्या. “कधीपर्यंत चालवायचंय?”

“दिवेलागणीपर्यंत. पण आगर तोवर पुरणार नाही,” सुगंधा म्हणाली. “निम्म्यातच संपेल. पुढे काय करायचं तेच कळत नाहीय मला.”

वन्संनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं कालवणात मीठ विसरलेल्या नव्या सुनेकडे पाहतात.

“भांग हाय ना आज?”

“हो.”

“होड्या कुठं हायत?”

सुगंधा खिडकीशी धावली. होड्या धक्क्याला होत्या. गावच्या सगळ्या, झाडून. हल्ली सगळ्याच विजेवरच्या. उधाणातल्या फुकट विजेवर गच्च भरून ठेवलेल्या, आणि भांग म्हणून बांधून ठेवलेल्या. धक्क्यावरच्या ज्या खुंट्यांवरून होड्या वीज घेतात, तिथूनच ती परत देताही येते. चक्रीवादळाच्या वेळी दवाखाना दोन दिवस तसाच चालला होता.

पण होडीची वीज मागणं म्हणजे कोळ्याकडे त्याचं वल्हं मागणं. वन्सं धक्क्यावर आल्या, मासळीच्या टोपलीवर उभ्या राहिल्या आणि दोन्ही पिवळे हात वर केले.

“ऐका रे! माझ्या पोराच्या हळदीला आलात ना? आहेर आणलात ना? मला साड्या नकोत. ज्याची होडी हाय, त्याने ती खुंटीला लावा आणि उलटी सोडा. आज समुद्राला आहेर करायचा हाय!”

 मग प्रणित, हळदीने माखलेला, आपल्या होडीत उडी मारून उतरला. नवऱ्याने हळदीत पाण्याकडे जायचं नसतं. दोन म्हाताऱ्या ओरडल्या. वन्संनी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. प्रणितने जाड केबल खुंटीला लावली, आणि मग धक्क्यावर जी झुंबड उडाली ती लग्नाच्या पंगतीलाही उडत नाही. बँजोवाल्याला वीज नव्हती, म्हणून ढोलवाल्यांनी ताबा घेतला. एकेक होडी जोडली गेली की ढोलावर एक थाप. आगराचा काटा जो खाली चालला होता, तो अडखळला, थांबला आणि टिकून राहिला.

*

सुगंधा उरलेली दुपार खुर्चीच्या कडेवर बसून होती. पिंजऱ्यांजवळ फरीदाने दुसरा दांडा सोडायला लावला होता. त्याचा आकडा खाली, अजून खाली. दामू दर थोड्या वेळाने दारात यायचा, तिच्या तोंडाकडे बघायचा आणि परत जायचा. एकदा त्याने बुंदीचा लाडू आणून ठेवला. तिने तो खाल्ला नाही, फरीदाने खाल्ला.

“भरती पोचायला वेळ लागतो,” फरीदा म्हणत होती. स्वतःलाच सांगत असावी. “आपलं पाणी वाटेत आहे. येतंय. यायलाच पाहिजे.”

वन्सं केंद्रात कोपऱ्यात जमिनीवर बसल्या होत्या, गुडघ्यांना हातांची मिठी घालून. आकड्यांतलं त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण त्या पडद्याऐवजी सुगंधाचा चेहरा वाचत होत्या.

उन्हं तांबूस झाली तेव्हा आकडा थांबला. बराच वेळ तो तिथेच उभा राहिला, दारात यावं की नाही अशा विचारात पडलेल्या पाहुण्यासारखा. मग त्यातला शेवटचा अंक हलला. वर.

फरीदाने टेबलावर मूठ आपटली. पुन्हा वर. पुन्हा. रेघ अशी चढायला लागली जशी पंचमीच्या झोक्यावर बाई.

“पोचलं!” सुगंधा उभी राहिली आणि खुर्ची मागे पडली. “वन्सं, पोचलं! तळाला श्वास आला!”

बाहेर पिंजऱ्यांवरच्या होडीतून कुणीतरी कापड हलवत ओरडत होतं की मासा खाणं घ्यायला लागला. धक्क्यावरून अशी आरोळी उठली की तिच्यापुढे बँजोही लाजला असता. सुगंधाला रडू आलं. भोवरे मोजणारी, पाण्याच्या थरांवर निबंध लिहिणारी फरीदा मुकादम तिच्या गळ्यात पडून म्हणत होती, “आता नियमच करायचा, ताई. उधाणात घ्यायचं आणि भांगात परत द्यायचं. प्रत्येक भांगात. आणि दांडा कधीही वर काढायचा नाही!”

“आणि लग्नाला कोण जाणार?” सुगंधा हुंदक्यातून म्हणाली.

“आळीपाळीने!”

भरती सरली आणि पंखे थांबवले, तेव्हा दिवेलागण झाली होती. फक्त दिवे नव्हते. वन्सं उठल्या. गुडघे कटकन वाजले.

“चल.”

“कुठे?”

“एवढा मोठा समुद्र ढवळलास आणि माझ्या पोराचं पाणी राहिलं ते. किती वेळा तापवायचं? जळण संपलं माझं.”

मांडवापर्यंत जाणं झालंच नाही. घंगाळ धक्क्यावरच आणलं होतं, आणि होड्यांच्या दिव्यांत उरलेल्या थेंबभर विजेवर सगळं पिवळं-पिवळं उजळलं होतं. प्रणित पाटावर बसला होता, हळदीवर खाऱ्या पाण्याचे ओघळ सुकलेले. बायकांनी घंगाळात विहिरीचं गार पाणी ओतलं, वरून कढत. वाफ उठली.

सुगंधाने हिरव्या बांगड्या मागे सारल्या आणि हात घातला. बोटांची टोकं पोळली. तिने हात झटकन आखडला आणि बायका खिदळल्या.

“मामी, मारतेस का मला?” प्रणित ओरडला.

केशरवन्संनी आपला हात घंगाळात घातला, सुगंधाचं मनगट धरलं आणि खाली दाबलं, त्या पोळणाऱ्या पाण्यातून गार पाण्यात.

“वरवर काय करतेस गो,” त्या म्हणाल्या. “तळापर्यंत घाल हात.”